परताव्याला नकार आणि त्यामागची लंगडी कारणे

ॲप, गेम, ई-पुस्तक, ऑनलाइन अभ्यासक्रम किंवा चित्रपट-मालिकांच्या मंचाची वर्गणी, यांपैकी कशासाठीही भरलेले पैसे परत मागितले की विक्रेत्याचे उत्तर जवळजवळ ठरलेले असते: डिजिटल वस्तू परत करता येत नाही, त्यामुळे पैसेही परत मिळत नाहीत. हे उत्तर इतक्यांदा ऐकवले गेले आहे की ग्राहकालाही तो निसर्गनियम वाटू लागला आहे. वास्तविक तो विक्रेत्याने स्वतःच्या सोयीने घेतलेला निर्णय आहे. त्याच्या समर्थनार्थ दिली जाणारी कारणे मोजकीच आहेत आणि त्यांतले एकही सरसकट नकाराचे ओझे पेलत नाही.

पहिली गफलत शब्दापासूनच सुरू होते. ‘परतावा’ या एका नावाखाली एकमेकांशी फारसा संबंध नसलेले प्रसंग कोंबले जातात. विकत घेतलेले ॲप उघडतच नाही, हा एक प्रसंग. अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत थेट वर्गांचे आश्वासन होते आणि मिळाल्या जुन्या ध्वनिचित्रफिती, हा दुसरा. घरातल्या आठ वर्षांच्या मुलाने खेळता खेळता गेममधली नाणी विकत घेतली, हा तिसरा. वर्षभर न उघडलेल्या ॲपची वर्गणी आपोआप आणखी एका वर्षासाठी कापली गेली, हा चौथा. आणि वस्तू ठीक आहे पण मन बदलले, हा शेवटचा. नकाराचे समर्थन करणारे नेहमी या शेवटच्या ग्राहकाचे उदाहरण देतात आणि त्याच्या आधारे पहिल्या चौघांनाही दारातून परत पाठवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे. त्यातही शेवटचा ग्राहक चोरच असतो असे नाही.

‘परत करण्याजोगे काही नसतेच’ हे कारण सर्वांत लोकप्रिय आहे. कापड दुकानदार साडी परत घेतो तेव्हा त्याला साडी मिळते. ई-पुस्तकवाल्याला काय मिळणार, असा हा सवाल. पण परत घेण्याच्या बाबतीत डिजिटल विक्रेत्याची स्थिती कापड दुकानदारापेक्षा कितीतरी बळकट असते. साडी परत आली तर तिची घडी मोडलेली असते, कधी डाग असतो, कधी ती नेसून झालेली असते. डिजिटल वस्तूचे कुलूप मात्र विक्रीनंतरही विक्रेत्याच्याच हातात राहते. तो ग्राहकाच्या खात्यातून ती काढून घेऊ शकतो, आणि काढून घेतल्यावर त्याच्या गोदामात एकही प्रत कमी झालेली नसते.

हे नुसते तर्काने सांगण्याची गरज नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या, हक्क नसलेल्या प्रकाशकाने विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकल्या आणि पैसे परत केले. सर्वसाक्षी सत्तेवरची कादंबरी वाचकाच्या हातातून अशी नाहीशी व्हावी, हा योगायोग त्या वेळी पुष्कळ चर्चिला गेला. त्यातली परताव्याची बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेल्या सर्व पुस्तकांचे पैसे परत दिले. त्यांतली अनेक पुस्तके वाचून झालेली असणार, पण कोणी किती पाने वाचली याचा हिशेब मांडला गेला नाही. गूगलने ‘स्टेडिया’ ही गेमसेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली, त्याआधी ग्राहकांना गेमचेच नव्हे तर आपल्याकडून घेतलेल्या उपकरणांचेही पैसे परत केले. सोनीने ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आणला, दोन आठवड्यांत मागे घेतला आणि सर्व खरेदीदारांना पूर्ण रक्कम दिली. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ सदोष निघाला तेव्हाही सोनीने तो आपल्या दुकानातून काढून परताव्याचा मार्ग खुला केला होता. विक्रेत्याला गरज पडते तेव्हा वापरलेल्या, वाचलेल्या, खेळलेल्या वस्तूचे पैसे परत करता येतात. यंत्रणा आहे, हिशेब आहे, रक्कमही आहे. ग्राहकाला गरज पडते तेव्हा मात्र हे सारे तंत्रदृष्ट्या अशक्य होऊन बसते.

यालाच जोडून दुसरा पवित्रा घेतला जातो: ग्राहकाने वस्तू घेतलेलीच नाही, केवळ वापराचा परवाना घेतला आहे. पडद्यावरच्या बटणावर ठळक अक्षरांत ‘खरेदी करा’ आणि अटींच्या सोळाव्या परिच्छेदात ‘हा परवाना आहे, विक्री नव्हे’. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून या दुटप्पीपणाला चाप लावला. केवळ परवाना देणाऱ्या विक्रेत्याने तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरणे तेथे बेकायदा आहे. भारतात हा वाद ग्राहकाच्या दृष्टीने जवळपास निरर्थक आहे. तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर हा ‘माल’च आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या विक्रीकराच्या प्रकरणात २००४ मध्येच म्हटले होते. आणि समजा, एखादी डिजिटल वस्तू माल नाही असे ठरले, तर ती सेवा ठरेल. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ दोन्हींना लागू आहे. मालात दोष असला तरी तक्रार होते, सेवेत उणीव असली तरी होते. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांत तर डिजिटल उत्पादनांचा नावानिशी उल्लेख आहे. विक्रेत्याने कोणतेही दार निवडले तरी आत तोच कायदा बसलेला आहे.

मग अटींचा आधार घेतला जातो. ‘परतावा मिळणार नाही असे लिहिले होते, ग्राहकाने मान्य आहे म्हणून टिचकी मारली, आता तक्रार कशाची?’ हा युक्तिवाद म्हणजे जुन्या दुकानांतल्या पावतीवरच्या ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीचा नवा अवतार आहे. पावतीवर छापले म्हणून ती ओळ कायदा झाली नव्हती, पडद्यावर आली म्हणून होणार नाही. अधिनियमाच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घेण्यास किंवा उणीव असलेली सेवा थांबवून तिचे पैसे परत करण्यास नकार देणे हे तिच्यात स्पष्टपणे मोडते. पावतीवर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि दिली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करावे लागतात. विक्रेत्याला मुदत लिहिता येते. दोष असतानाही परतावाच नाही असे लिहून तो सुटू शकत नाही. ई-कॉमर्स नियमांतला नियम ६ हेच विक्रेत्यांना वेगळ्या शब्दांत बजावतो: वस्तू किंवा सेवा सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचली असेल, तर परतावा नाकारता येत नाही.

टिचकीला दिले जाणारे महत्त्वही अवाजवी आहे. घासाघीस करण्याची मुभाच नसलेल्या ग्राहकाकडून घेतलेली एकतर्फी कलमे त्याच्यावर बंधनकारक ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने पायोनियर अर्बन लँड विरुद्ध गोविंदन राघवन या प्रकरणात एप्रिल २०१९ मध्ये सांगितले. ते प्रकरण बांधकाम व्यावसायिकाच्या कराराचे होते. सदनिका घेणारा निदान कागद हातात धरून वकिलाला दाखवू शकतो; ॲप उतरवणाऱ्यापुढे ‘मान्य’ किंवा ‘बंद करा’ एवढेच दोन पर्याय असतात. २०१९ च्या अधिनियमाने ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र व्याख्याच केली आहे आणि अशा कराराविरुद्ध दाद मागण्याची सोय ठेवली आहे. त्यात एक गोम आहे, ती लपवण्यात अर्थ नाही: ही दाद जिल्हा आयोगाकडे मागता येत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. सेवेतली उणीव किंवा अनुचित प्रथा यांची तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे चालते, आणि बहुतेक प्रकरणे त्याच रस्त्याने नेणे शहाणपणाचे.

युरोपचा दाखला देऊनही नकाराचे समर्थन केले जाते. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत विनाकारण रद्द करता येते, पण डिजिटल आशय त्यातून वगळला आहे, असे सांगितले जाते. हे अर्धे वाक्य आहे. २०११ च्या निर्देशातली ती सूट आपोआप मिळत नाही. आशय लगेच सुरू करावा अशी ग्राहकाची स्पष्ट संमती हवी आणि असे केल्याने रद्द करण्याचा हक्क जाईल हे त्याने जाणून मान्य केलेले असावे लागते. शिवाय ही सूट केवळ मन बदलण्यापुरती आहे. वस्तू सदोष निघाली तर काय, याचे उत्तर १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या दुसऱ्या निर्देशात आहे: दुरुस्त करा, नाहीतर किंमत कमी करा किंवा करार मोडून पैसे द्या. ब्रिटनने तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात डिजिटल आशयाला स्वतंत्र प्रकरण दिले. युरोपातले एक अपवाद-कलम उचलून भारतातल्या सदोष मालावर चिकटवणे म्हणजे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे.

आपोआप नूतनीकरण हा या वादातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. मराठी वाचकाला ‘वर्गणी’ हा शब्द नवा नाही. मासिकाची वार्षिक वर्गणी संपत आली की शेवटच्या अंकात एक चिठ्ठी येत असे: आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे, पुढील वर्षाची रक्कम पाठवावी. वाचकाने काहीच केले नाही तर अंक येणे थांबे. त्याच्या मौनाचा अर्थ नकार असा होता. डिजिटल वर्गणीने हा अर्थ उलटा केला. आता मौन म्हणजे होकार. काहीच न करणाऱ्याच्या खात्यातून वर्षानुवर्षे पैसे जात राहतात. हा फरक तंत्रज्ञानाने आणलेला नाही, तो कराराच्या रचनेत मुद्दाम घातलेला आहे. त्यामुळे ‘ग्राहकाने वेळेत रद्द करायला हवे होते’ असे म्हणताना, ज्याने मौनाचा अर्थ बदलला त्यानेच त्या मौनाचा फायदा घेतला, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

रद्द करणे सोपे असते तर या तक्रारीत फारसा दम उरला नसता. पण सामील होण्याचा आणि बाहेर पडण्याचा रस्ता सहसा एक नसतो. सामील होताना पहिल्याच पडद्यावर मोठे रंगीत बटण आणि बोटाचा ठसा, काम झाले. बाहेर पडताना आधी प्रोफाइल, मग खाते, मग ‘इतर’, मग ‘योजना व्यवस्थापन’. तिथे ‘तुम्ही हे सर्व गमावणार आहात’ अशी यादी. तिच्याखाली पुन्हा मोठे रंगीत बटण: ‘सदस्यत्व चालू ठेवा’. त्याखाली पांढऱ्यावर करड्या, बारीक अक्षरांत, बटण आहे की मजकूर हे कळू नये अशा बेताने ‘तरीही पुढे जा’. ते दाबल्यावर कारण विचारणारी प्रश्नावली, मग तीन महिन्यांसाठी निम्म्या दराची सवलत, मग पुन्हा एकदा ‘नक्की का?’. शेवटी काही ठिकाणी ‘या क्रमांकावर कार्यालयीन वेळेत फोन करा’. भीक नको पण कुत्रा आवर, अशा मनःस्थितीत माणूस फोन खाली ठेवतो आणि आणखी एक महिना कापला जातो. कित्येकांना वाटते की ॲप फोनमधून काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबली. ती थांबत नाही. चित्र पुसले जाते, पैसे कापण्याची परवानगी तशीच राहते.

ही रचना कुणाच्या निष्काळजीपणातून उगवत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर प्राइम सदस्यत्वाबद्दल दावा लावला. रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीत अंतर्गत नाव ‘इलियड’ असे होते, हे त्यातून पुढे आले. ट्रोजन युद्धाचे ते प्रदीर्घ ग्रीक महाकाव्य ज्याला या कामासाठी आठवले, त्याला आपण काय बांधतो आहोत हे ठाऊक असणारच. सप्टेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण अडीच अब्ज डॉलरवर मिटले आणि त्यांतले दीड अब्ज डॉलर ग्राहकांना परत करण्यासाठी होते. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १३ प्रकार नोंदवले आहेत आणि ‘वर्गणीचा सापळा’ हा त्यांतला एक आहे. रद्द करणे अशक्य किंवा किचकट करणे, रद्द करण्याचा पर्याय लपवणे, फुकट सेवेसाठीही आधीच पैसे कापण्याची परवानगी मागणे, सूचना संदिग्ध ठेवणे हे सगळे तिथे शब्दशः लिहिले आहे. म्हणजे वर रंगवलेला पडदा नुसता त्रासदायक नाही, तो नियमबाह्य आहे. आणि नियमबाह्य सापळ्यात अडकवून मिळवलेल्या रकमेला ‘ग्राहकाने स्वेच्छेने भरलेली वर्गणी’ म्हणता येत नाही.

यावर रिझर्व्ह बँकेकडे बोट दाखवले जाते. कार्ड किंवा यूपीआयवरून ठरावीक काळाने पैसे कापायचे असतील तर किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते, त्याला ते थांबवता येते. मग नंतर तक्रार कशाला? रिझर्व्ह बँकेची ही व्यवस्था खरोखर चांगली आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती कडकपणे लागू झाली तेव्हा कार्डावरच्या पुष्कळ वर्गण्या अडल्या आणि कंपन्यांनी ग्राहकांची गैरसोय झाल्याची ओरड केली. ज्यांना सेवा हवी होती त्यांनी नवी परवानगी दिली. ज्यांनी दिली नाही, त्यांच्यापैकी कितीजण आधी केवळ विसरभोळेपणामुळे पैसे देत होते, हा प्रश्न त्या ओरडीत कुणी विचारला नाही. पण या सूचनेचा परताव्याशी संबंध मर्यादित आहे. ती बँकेच्या संदेशांच्या, ओटीपींच्या आणि कर्जाच्या जाहिरातींच्या ढिगात येते, तिच्यातले व्यापाऱ्याचे नाव अनेकदा ॲपच्या नावाशी जुळत नाही आणि तिला उत्तर द्यायला एक दिवस असतो. यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन परवानगी रद्द केली तर पुढचे हप्ते थांबतात, हे प्रत्येकाने करून ठेवावे. कालच कापलेल्या वर्षभराच्या रकमेचे मात्र त्याने काही होत नाही. नळ बंद केला म्हणजे सांडलेले पाणी हंड्यात परत येत नाही.

न वापरलेल्या काळाचे पैसे का देऊ नयेत, याचे समाधानकारक उत्तर आजवर कुणी दिलेले नाही. वार्षिक योजना तिसऱ्या दिवशी रद्द केली तर ‘मुदत संपेपर्यंत सेवा चालू राहील’ असे औदार्याच्या सुरात सांगितले जाते. ग्राहकाला सेवा नको आहे, म्हणून तर तो रद्द करतो आहे. हिशेब अवघड आहे असेही नाही, याहून अवघड हिशेब या देशात रोज होतात. रेल्वेचे आरक्षण ही तर डिजिटल वस्तूपेक्षा नाशवंत चीज. गाडी सुटली की रिकाम्या बर्थची किंमत शून्य. तरी रेल्वे तिकीट रद्द करून घेते, सुटण्याच्या वेळेपासून किती आधी रद्द केले ते पाहून ठरावीक रक्कम कापते आणि उरलेले पैसे देते. विमा पॉलिसी पटली नाही तर ती परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात. जितके दिवस जोखीम पत्करली तितक्या दिवसांचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकीचे परत येतात. विमा कंपनीने त्या दिवसांत खरी जोखीम उचललेली असते. चित्रपटांच्या मंचाने त्या वर्गणीदारासाठी काय उचललेले असते? एका जादा वर्गणीदारामागे त्याचा खर्च नगण्य असतो. जीएसटी भरून झाला, आता पैसे कसे परत करणार, ही सबबही टिकत नाही. विक्री रद्द झाल्यावर कर कमी करून घेण्यासाठी केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये क्रेडिट नोटची सोय आहे.

लबाड ग्राहकांची भीती ही यातली सर्वांत प्रामाणिक हरकत आहे. लोक गेम खेळून, पुस्तक वाचून, अभ्यासक्रम उतरवून घेऊन पैसे परत मागतील, ही शक्यता खरी आहे. प्रश्न एवढाच की तिच्यावर उपाय काय. स्टीम हे संगणकीय गेमचे दुकान वर्षानुवर्षे परतावा देत नसे. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने त्याच्या मालक कंपनीला, व्हॉल्व्हला, न्यायालयात खेचले. खटला चालू असतानाच जून २०१५ मध्ये स्टीमने जगभरासाठी नियम आणला: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर कारण न विचारता परतावा. पुढे मार्च २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले आणि डिसेंबरात ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. स्टीम त्यामुळे बुडाले नाही. आजही ते त्या धंद्यातले सर्वांत मोठे नाव आहे. वापर किती झाला हे विक्रेत्याला मिनिटागणिक दिसते, हे डिजिटल विक्रीचे वैशिष्ट्य. साडी किती वेळा नेसली हे दुकानदाराला कळत नाही, गेम किती मिनिटे खेळला हे स्टीमला कळते. लबाडी ओळखण्याचे इतके अचूक साधन हाती असलेल्याने लबाडीच्या भीतीने सर्वांनाच नकार द्यावा, हे पटणारे नाही.

तरी या नियमाने काहींचे नुकसान झाले, हेही खरे. दोन तासांच्या आत संपणारे छोटे गेम बनवणाऱ्यांना पूर्ण खेळून परत करणारे गिऱ्हाईक भेटले आणि २०२१ मध्ये अशा एका निर्मात्याने वैतागून काही काळ काम सोडल्याचे जाहीर केले. त्यावरचा उपाय मर्यादेची आखणी सुधारणे हा आहे: तासांऐवजी गेमच्या लांबीचा ठरावीक हिस्सा, पुस्तकाची ठरावीक पाने, अभ्यासक्रमाचे ठरावीक पाठ. गूगलच्या ॲप-दुकानात सुरुवातीला २४ तासांची मुदत होती, २०१० च्या अखेरीस ती १५ मिनिटांवर आणली गेली, २०१४ मध्ये दोन तासांवर नेली गेली. मुदत मागेपुढे करता येते, करून पाहता येते. सरसकट नकार हा या आखणीतला एक पर्याय नाही, तो आखणीच टाळणे आहे.

मुलांच्या खरेदीबद्दल ‘पालकांनी लक्ष द्यायला हवे होते’ असे ऐकवणाऱ्यांनी २०१४ साल आठवावे. मुलांनी पालकांच्या संमतीविना केलेल्या खरेदीबद्दल ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गूगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत करण्याचे अमेरिकेत मान्य केले. भारतात तर अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने, केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे मोहोरी बीबी प्रकरणापासून, १९०३ पासून, कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. खाते पालकाचे होते असा बचाव होऊ शकतो, पण आठ वर्षांच्या मुलासाठी रंगवलेल्या पडद्यावर पासवर्ड न विचारता पैसे घेणाऱ्याच्या तोंडी तो शोभत नाही.

परतावा मान्य करूनही तो रोखीत न देण्याची एक युक्ती आहे: पैसे कंपनीच्या वॉलेटमध्ये किंवा कूपनमध्ये जमा होतात. म्हणजे ज्याच्याकडून पुन्हा काही घ्यायचे नाही, त्याच्याकडूनच पुन्हा घ्यायला लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने ओला या प्रवाससेवेला आदेश दिला की परतावा बँक खात्यात हवा की कूपनच्या रूपात, हे ग्राहकाला निवडू द्या. ते प्रकरण गाडीच्या भाड्याचे होते, पण पैसे ज्या रूपात आले त्याच रूपात परत मिळावेत, यामागचे तत्त्व ॲपलाही तितकेच लागू पडते. याहून वाईट प्रकार बँकेकडे दाद मागणाऱ्याला शिक्षा करण्याचा. फोर्टनाइटच्या निर्मात्या एपिक गेम्सविरुद्धच्या प्रकरणात, बँकेमार्फत रक्कम परत मागणाऱ्यांची खाती बंद केल्याचा आरोप होता. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने ग्राहकांना परताव्यापोटी २४ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे कबूल केले.

उरते ते शेवटचे कारण, जे उघडपणे कुणी बोलत नाही: रक्कम क्षुल्लक आहे. १४९ रुपयांसाठी कोण आयोगाची पायरी चढणार? हिशेब बरोबर आहे आणि नेमका तोच या धंद्याचा आधार आहे. एका ग्राहकाचे १४९ रुपये म्हणजे दोन वडापाव आणि चहाच्या पलीकडे फारसे काही नाही. एक लाख विसरभोळ्या ग्राहकांचे १४९ रुपये म्हणजे महिन्याला १ कोटी ४९ लाख. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगात शुल्क लागत नाही, तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइन दाखल करता येते, वकील लागत नाही. कंपनी परदेशी आहे ही सबबही चालत नाही, कारण भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू किंवा सेवा विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ई-कॉमर्स नियम लागू आहेत. तरीही दीडशे रुपयांसाठी कामाचा दिवस घालवणारे थोडेच. म्हणून अशा ठिकाणी एकेका ग्राहकाने लढण्यापेक्षा केंद्रीय प्राधिकरणाने स्वतःहून चौकशी लावणे योग्य, आणि कायद्याने त्याला तो अधिकार दिलेला आहे.

कायद्यात त्रुटी आहेत, त्या मान्य कराव्या लागतात. सदोष वस्तूबाबत भारतीय ग्राहकाची बाजू भक्कम आहे. आपोआप नूतनीकरणाबाबत सापळ्याची व्याख्या आहे, पण सापळ्यात गेलेल्या रकमेचे काय, हे स्पष्ट लिहिलेले नाही. मन बदलल्यास डिजिटल खरेदी ठरावीक दिवसांत मोडण्याचा सर्वसाधारण हक्क तर मुळीच नाही. जर्मनीने १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन करार करणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर रद्द करण्याचे ठळक बटण सक्तीचे केले. ग्राहक व्यवहार विभागाने २०२० च्या नियमांत तसेच बटण आणि न वापरलेल्या काळाच्या प्रमाणशीर परताव्याचे कलम घालावे. विम्यासाठी जो हिशेब चालतो तोच शब्द बदलून इथे उतरवता येईल.

तोपर्यंत नकार मिळालेल्या ग्राहकाने तो लेखी घ्यावा. रद्द केल्याच्या पडद्याचे, कापलेल्या रकमेच्या संदेशाचे आणि मूळ जाहिरातीचे छायाचित्र काढून ठेवावे आणि ॲपवर ज्याचे नाव देणे बंधनकारक आहे त्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचे आहे. पोच आली नाही, तर मूळ तक्रार खरी की खोटी हे ठरण्याआधीच कंपनीने एक नियम मोडलेला असतो, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगायला तेवढे पुरते.